चार चाकांखाली चार लिंबं

अण्णांनी पिशवीतून पहिलं लिंबू काढलं तेव्हा मला वाटलं, सरबताचं काहीतरी मनात असेल. एप्रिलचं ऊन होतं आणि आमच्या शेडचे पत्रे चांगलेच तापले होते. पण ते गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्यांनी ते लिंबू गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाखाली, टायर आणि त्याखालचा लोखंडी रूळ यांच्या सांदीत, नीट बसवलं. मग पिशवीतून दुसरं काढलं.

"अण्णा, काय हे?"

"काही नाही. तुझं चालू दे."

गाडीला पट्टे आवळणारा इस्माईल काम थांबवून माझ्याकडं बघायला लागला. आमच्याकडं चाचणीच्या वेळी गाडी चालवणारा तोच. "मॅडम, काढू का?" त्यानं हळूच विचारलं.

"काढ," मी म्हटलं.

"राहू दे, पद्मा," अण्णा वाकलेलेच म्हणाले. "माझ्यासाठी राहू दे."

'माझ्यासाठी' हा शब्द अण्णांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकला नव्हता. मी इस्माईलला हातानं थांबवलं. लिंबानं मशीनचं काही बिघडणार नव्हतं. टायर गरम करायला गाडी आधी थोडी फिरवतात, त्यातच साल, बिया, रस सगळं उडून वाळून जाणार होतं. बिघडायचं ते माझं बिघडलं. अंगभर नुसती लाज पसरली.

कारण माझे वडील म्हणजे मगदूम गुरुजी. आमच्या भागातल्या शाळा-शाळांतून फिरून भोंदूगिरीचे प्रयोग करून दाखवणारे मगदूम गुरुजी. सुरीला आधीच रसायन लावून ते लिंबू कापायचे, लिंबातून लाल रक्त यायचं, पोरं किंचाळायची, आणि मग ते हसत हसत सगळी युक्ती उलगडून सांगायचे. घरी पहिली स्कूटर आली तेव्हा आत्या चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन आली होती. अण्णांनी ते पिळून सरबत केलं आणि पहिला पेला तिच्याच हातात दिला. आत्या वर्षभर आमच्याकडं फिरकली नाही. आणि आज हेच गृहस्थ, माझ्या कामाच्या जागी, माझ्या माणसांसमोर, चौथं लिंबू मागच्या चाकाखाली सारत होते.

ड्रायव्हरच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या अभिनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, आता खिडकीतून मान बाहेर काढली. "अण्णा! आज नको हो असलं काही. इंगवलेदादा फोन संपवून आत येतील, बघतील ना. लाज काढताय तुम्ही."

अण्णांनी पिशवीची घडी घातली, खिशात कोंबली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांची मान खाली होती आणि मला वाटलं, असायलाच हवी.

मी कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतलं एक चाचणी केंद्र सांभाळत होते. आमच्याकडं डायनो होता. जमिनीत बसवलेले रूळ, त्यावर गाडी चढवायची, पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकं रूळ फिरवतात, आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत खरोखर किती पोचतो ते संगणकावर उमटतं. चारी चाकांना जोर असलेल्या गाड्या आमच्याकडं लांबून यायच्या, कारण पुढचे आणि मागचे रूळ एकाच वेगानं फिरवणारं मशीन आसपास दुसरं नव्हतं. माझ्या आकड्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. त्याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवत नव्हते.

त्या दिवशीची गाडी धैर्यशील इंगवल्यांची, म्हणजे दादांची. काळी, चारी चाकांना जोर असलेली, आपोआप गिअर बदलणारी सेडान. इंगवल्यांना शर्यतींसाठी स्वतःचा संघ उभा करायचा होता आणि गाड्यांच्या इंजिनांतली संगणकाची अक्कल सांभाळायला एक माणूस हवा होता. अभिनं पुण्यातली नोकरी सोडून घरामागच्या शेडमध्ये हेच काम मांडलं होतं. गाव त्याला हसत होतं. त्यानं दादांच्या गाडीचं इंजिन नव्यानं जुळवून दिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, चाकांवर दोनशे साठ घोडे, म्हणजे तेवढी अश्वशक्ती. दादा म्हणाले, मोजून दाखव, सोमवारपासून तू संघात. दादा चौथीपर्यंत अण्णांच्या हाताखाली शिकलेले. म्हणून अभिनं अण्णांनाही बरोबर आणलं होतं. गुरुजी समोर असले की दादा जरा मऊ राहतात, हा त्याचा हिशेब.

सकाळी दादा यायच्या आधी अभि माझ्या केबिनमध्ये आला होता. अण्णा बाहेर व्हरांड्यात बाकावर चपला काढून बसले होते.

"अक्का, ते हवेचं असतंय न्हवं? तापमान, दाब... ते तू भरतीस की मशीन आपलं आपण घेतं?"

"का?"

"न्हाई, म्हणजे... गरम हवेत इंजिनाचा जोर कमी पडतोय, म्हणून मशीन थोडा वाढवून देतं. मग तापमान जरा जास्त टाकलं तर..."

"अभि."

"आकडा जरा कमी आला तरच गं. एवढंच. कोण बघतंय?"

"मी बघते," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "या मशीनवर बाप आला तरी आकडा बदलणार नाही. समजलं? निघ आता."

तो गेला. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. आपण किती सरळ आहोत असं वाटून मी मोठ्या समाधानानं चहा प्यायला बसले. अण्णा बाकावर नव्हते. पाय मोकळे करायला हायवेपर्यंत गेलेत, असं वॉचमन म्हणाला.

लिंबं बसवून झाली आणि फोन संपवून दादा शेडमध्ये आले ते नाक वर करूनच. "लिंबाचा वास येतोय का हो?"

सुदैवानं गाडीसमोरचा मोठा पंखा सुरू झाला आणि सगळे वास, सगळे आवाज त्यात बुडाले. इस्माईल गाडीत बसला. काचेआड मी संगणकापुढं. दादा आणि अभि माझ्या मागं उभे. अण्णा आपले खुर्चीवरच, भिंतीला टेकून.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचं मोजमाप नाजूक असतं. पाय एकदम दाबला की ती गिअर खाली टाकते आणि सगळी रेघ विस्कटते. इस्माईलनं गिअर हातानं चौथ्यात अडकवला, चाकं गरम केली आणि मग अलगद, एकसारखा, पाय तळाला नेला. शेड थरथरायला लागली. गाडी पट्ट्यांत मान ताणून उभी होती आणि पडद्यावर रेघ चढत होती. सुरेख रेघ. कुठं खाच नाही, कुठं झटका नाही. टोकाला गेली आणि वळली.

दोनशे बारा.

"किती?" दादांनी विचारलं, समोर दिसत असूनही.

"दोनशे बारा," मी म्हटलं.

"कंपनीच दोनशे वीस सांगते की रे, अभि." दादा हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मग एवढे महिने काय करत होतास? होते त्यातले घोडे सोडून दिलेस व्हय?"

अभिचा चेहरा उतरला. तो पडद्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. "मशीन कमी दाखवतंय," तो म्हणाला. "दादा, मी रस्त्यावर मोजलंय. दोनशे साठ. हे... अक्काचं मशीनच असलं आहे."

इस्माईल गाडीतून उतरत होता, त्यानं ते ऐकलं. मी ऐकलं. मला सणकून राग आला. सख्ख्या भावानं, माझ्याच शेडमध्ये, माझ्या मशीनला खोटं म्हणावं! आता याचं सकाळचं सगळं सांगून टाकते दादांसमोर, असं मनात आलं. मी तोंड उघडलंच होतं.

"मशीनला कशाला बोल लावतोस?" अण्णा मागून म्हणाले. कधी उठून आले कळलंच नाही. "मशीन बरोबर आहे. पोराचं कामही बरोबर आहे, धैर्यशील. घोळ मी केला."

"तुम्ही? तुम्ही काय केलं, गुरुजी?"

"चाकांखाली लिंबं ठेवली. चारी. रसानं चाकं घसरली असणार."

दादांना आधी ते कळलंच नाही. मग ते काचेपलीकडं गेले, वाकले, रुळाला चिकटलेली पिवळी साल बोटानं उचलली आणि बघतच राहिले. "गुरुजी, तुम्ही? अहो, चौथीत आम्हाला लिंबू कापून दाखवणारे तुम्हीच ना? मी त्या रात्री घरी जाऊन आईनं दाराला बांधलेलं लिंबू तोडून टाकलं होतं. मार खाल्ला होता मी, तुमच्यापायी!"

"वय झालं, बाबा," अण्णा म्हणाले. "पोराचं व्हायचं असलं की मन भितं."

दादा मोठ्यांदा हसले. प्रेमानंच हसले, हे मान्य करते. पण इस्माईलही हसला, दादांचा ड्रायव्हर दारातून आत येऊन हसला, आणि अण्णाही त्यांच्याबरोबर थोडं हसले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. चाकं घसरली असती तर रेघ करवतीसारखी झाली असती. ती तर ताणलेल्या दोरीसारखी होती. लिंबांनी काहीही केलेलं नव्हतं, हे मला पडद्यावर दिसत होतं. आणि तरी मी काही बोलू शकले नाही. बोलले असते तर अण्णा खोटे पडत होते. नाही बोलले तर मशीन. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा आकडा नकोसा झाला.

"पुसा रे रूळ," दादा म्हणाले. "धुवून काढा. परत लावू. माझ्या गुरुजींच्या लिंबापायी पोराचं नुकसान नको."

इस्माईलनं रूळ घासले, कापडानं कोरडे केले, टायर पुसले. त्या सगळ्या वेळात अभि एका कोपऱ्यात उभा होता. परत तोच आकडा येणार हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याच्या कपाळावरचा घाम ओघळत होता आणि तो पुसतही नव्हता.

पंखा सुरू झाला. गाडी पुन्हा थरथरली. रेघ चढली, वळली.

दोनशे तेरा.

आता शेडमध्ये कुणीच हसलं नाही. दादांनी पडद्याकडं पाहिलं, अभिकडं पाहिलं, आणि शेवटी अण्णांकडं. दोष लिंबांचा नाही, हे त्यांच्या ध्यानात येत चाललं होतं.

"एखादं बी राहिलं असेल सांदीत," अण्णा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की ते माझे वडील वाटतच नव्हते.

तेवढ्यावर माझा राग गेला. कुठं गेला कोण जाणे. मी अभिकडं वळले. "दोनशे साठ तू मोजलेस कसे? काय लावून?"

"इंजिनात शिरणाऱ्या हवेवरून," तो पुटपुटला. "हवा किती, इंधन किती... त्यावरून काढतात ना."

"म्हणजे इंजिनाचे ना? चाकांचे नव्हेत."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"दादा," मी म्हटलं, "कंपनीचे दोनशे वीस इंजिनापाशीचे आहेत. या गाडीत जोर इंजिनातून निघतो, त्या गिअरच्या पेटीतल्या तेलातून जातो, मग पुढं आणि मागं चारी चाकांना वाटला जातो. वाटेत पाचवा हिस्सा जिरतो. तुमची गाडी जशी शोरूममधून आली तशी इथं लावली असती, तर पावणेदोनशे भरली असती. आज दोनशे बारा भरली. म्हणजे इंजिनापाशी दोनशे साठच्या वरच आहे. यानं केलेलं काम उत्तम आहे. फक्त आकडा इंजिनाचा होता आणि यानं तो चाकांचा म्हणून सांगितला."

दादांनी बराच वेळ हिशेब केला. मग अभिच्या पाठीत एक दणका घातला. "येड्या, मग हे आधी बोलायला काय झालं होतं? एवढा तमाशा झाला असता का?"

उत्तर माझ्याकडं होतं. सकाळी केबिनमध्ये मी त्याला विचारलं असतं, किती भरेल असं तुला वाटतंय आणि कशावरून, तर चहा निवायच्या आत सगळं उलगडलं असतं. पण मला सरळ राहायची घाई झाली होती. मी त्याला नकार दिला आणि दार दाखवलं. त्याला मदत करायला मला कुणी अडवलं नव्हतं.

"सोमवारी ये," दादा निघताना अभिला म्हणाले. मग अण्णांच्या पायाला हात लावला आणि हसू दाबत म्हणाले, "गुरुजी, आता तरी लिंबं सोडा."

"सोडली," अण्णा म्हणाले.

गाडी गेल्यावर अण्णा मागच्या नळावर हात धूत होते. लिंबाचा चिकटपणा नखांत बसला होता. अभि आणि मी त्यांच्या मागं जाऊन उभे राहिलो. लहानपणी मार खायच्या आधी राहायचो तसे.

"अण्णा, लिंबं कुठनं आणलीत?" मी विचारलं.

"हायवेवरच्या गाड्यावरनं."

"का?"

त्यांनी नळ बंद केला. हात झटकले. "तुझ्या केबिनची खिडकी उघडी होती, पद्मा."

अभिनं डोळे मिटून घेतले.

"तू खोटं लिहिणार नव्हतीस. ते बरोबरच आहे, मीच शिकवलंय. याच्या अंगात 'मला खात्री नाही' हे खरं सांगायचं बळ नव्हतं. आकडा कमी भरला असता तर कुणाचं तरी नाव जाणार. याचं गेलं तर याचं पोट जातं. मशीनचं गेलं तर तुझी खुर्ची." त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले. "खोटं बोलायला घरात एक माणूस पाहिजे होता. मी रिकामाच होतो."

"पण तुमचं नाव, अण्णा..." अभि कसाबसा म्हणाला.

"माझ्या नावाला आता कुठं नोकरी लागायची आहे?" ते म्हणाले. "आणि हे बघा, दोघांनी गप्प बसायचं. सांगायला गेलात तर हा सकाळी काय मागायला आला होता तेही सांगावं लागेल. झालं ते झालं. चला, भूक लागली."

आम्ही गप्प बसलो. पण दादा गप्प बसणार नव्हते. त्यांनी ती गोष्ट लाडानं सांगितली, पण सगळ्यांना सांगितली. गावच्या पारावर, कारखान्यावर, लग्नाच्या पंगतीत. मगदूम गुरुजींनी गाडीखाली लिंबं ठेवली! स्कूटरवाली आत्या मुद्दाम पेढे घेऊन आली आणि अण्णांच्या हातावर ठेवून म्हणाली, "उशिरा का होईना, देवानं बुद्धी दिली." अण्णांनी पेढा खाल्ला. मी आत जाऊन रडले. अभि तर त्या वर्षात अण्णांच्या नजरेला नजर देऊन कधी बोललाच नाही. संघात त्याचं नाव झालं, गाड्या जिंकल्या. प्रत्येक बक्षीस तो गुपचूप त्यांच्या उशाशी ठेवून जायचा.

पुढच्या विज्ञान दिनाला गावच्या शाळेनं अण्णांना बोलावलं. मला वाटलं होतं, ते जाणार नाहीत. ते गेले. सुरी, रसायनाची बाटली, पिशवी, सगळं नेहमीसारखं. अभि आणि मी सोबत गेलो आणि पोरांच्या मागं, शिक्षकांच्या रांगेत बसलो. अण्णांनी लिंबू कापलं, रक्त आलं, पोरं किंचाळली, मग हसली. आणि मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"गुरुजी, तुम्हीच गाडीखाली लिंबं ठेवली होती ना? आमचे बाबा सांगत होते."

हेडमास्तर तिच्यावर डोळे वटारायला लागले.

"ठेवली होती की," अण्णा म्हणाले. "चांगलं विचारलंस. ये इकडं, खडू घे."

मुलगी फळ्याकडं गेली.

"लिही. लिंबं ठेवून, दोनशे बारा घोडे. त्याखाली लिही. लिंबं काढून, दोनशे तेरा. आमच्या पद्मानं मोजलेत, चुकायचे नाहीत. आता सांग बघू, लिंबांनी काय केलं?"

मुलीनं फळ्याकडं बघितलं. "एक घोडा खाल्ला."

पोरं खदखदून हसली. अण्णाही हसले, मनापासून, कितीतरी दिवसांनी. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या वर्गाला विचारलं, "मग चाकाखाली लिंबू ठेवणारा शहाणा की येडा?"

"येडा!" सगळी पोरं एका दमात ओरडली.

"मोठ्यानं!"

"येडा!"

"शाब्बास," अण्णा म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी वाजवल्या, हेडमास्तरांनी वाजवल्या. त्या सगळ्या गलक्यात आम्ही दोघं भाऊ-बहीण तेवढे खाली मान घालून बसून होतो.